रिपोर्ट नॉर्मल, तरी लघवीला आग… मग पुढे काय?



या वेळी हप्ता, व्याज, बँक लिंकेज यातलं काही लिहीत नाही. बैठक संपते, रजिस्टर बंद होतं, सह्या-अंगठे होतात आणि मग दारापर्यंत सोडायला आलेली एखादी ताई हळूच बोलते, त्या विषयावर लिहिते आहे. "मॅडम, लघवीले आग व्हस." कुणी म्हणतं उन्हाळी लागली, कुणी नुसतं "खाली जळतं" म्हणतं. आणि पुढचं वाक्य खूपदा ठरलेलं असतं: "तपासलं पण, रिपोर्टमध्ये काहीच नाही आलं."

काहीच नाही आलं, म्हणून मग घरात बोलणी सुरू होतात. सासू म्हणते, कामाचा कंटाळा. नवरा म्हणतो, मनाचे खेळ. आणि कुणी "गरमी झाली" म्हटलं की आणखीच अवघड, कारण आपल्याकडे या शब्दाचा अर्थ नुसता उष्णता असा घेत नाहीत. बाई गप्प बसते. मेडिकलमधून मागच्याच गोळ्या परत आणते. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. गटाच्या अंतर्गत कर्जाच्या वहीत कारणाच्या रकान्यात "दवाखाना" हा शब्द मी इतक्यांदा वाचते, त्यातले काही पैसे अशा तिसऱ्या-चौथ्या वेळच्या त्याच गोळ्यांवर गेलेले असतात.

तर मुद्दा एवढाच आहे. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे त्रास खोटा आहे असं नाही. त्या तपासणीने जे शोधलं ते सापडलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. तिने काय शोधलं आणि काय शोधलंच नाही, हे आपल्याला कळलं तर पुढचं पाऊल ठरवता येतं.

तपासणी नेमकं काय बघते

बाईचा लघवीचा मार्ग जेमतेम ४ सेंटीमीटर लांब असतो. पुरुषाचा साधारण २० सेंटीमीटर. म्हणून संडासाच्या जागेचे जंतू बाईच्या मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. लघवीला आग होणाऱ्या बहुतेक बायकांना हेच झालेलं असतं, आणि डॉक्टरांनी दिलेल्या तीन ते पाच-सात दिवसांच्या गोळ्या नीट पूर्ण केल्या की त्या बऱ्या होतात. हा लेख त्यांच्यासाठी नाही. ज्यांचं त्यानंतरही थांबत नाही, त्यांच्यासाठी आहे.

लघवीच्या साधारण दोन तपासण्या होतात. पहिली "रुटीन". यात पट्टी बुडवून किंवा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. साखर, प्रथिनं, रक्तपेशी आणि पस सेल. पस सेल म्हणजे आपल्या अंगातल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या जास्त दिसल्या तर आत कुठे तरी सूज किंवा जंतू आहेत असं समजायचं. या पट्टीची एक मर्यादा आहे. जंतू दाखवणारा तिच्यावरचा एक रंग तेव्हाच नीट बदलतो, जेव्हा लघवी साधारण चार तास आत साठलेली असते. आणि काही जंतूंमुळे तो बदलतच नाही.

दुसरी तपासणी "कल्चर". ही समजायला विरजण डोळ्यासमोर आणा. लघवीचा थेंब जंतूंच्या खाद्यावर ठेवतात, उबेत ठेवतात, आणि एक-दोन दिवसांनी काय उगवलं ते बघतात. काही उगवलं नाही तर रिपोर्टवर "नो ग्रोथ" लिहून येतं. पण उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागेल का? तसंच, कल्चरच्या आधी तुम्ही दोन दिवस अँटिबायोटिक घेतलं असेल तर जंतू अर्धमेले असतात, उगवत नाहीत. रिपोर्ट स्वच्छ येतो आणि त्रास तसाच राहतो. म्हणून कल्चर द्यायचं ते गोळी सुरू करण्याआधी, आणि आधीच घेतली असेल तर कोणती गोळी, कधी, हे लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगायचं. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली गोळीसुद्धा सांगायची. लपवली तर नुकसान आपलंच.

नमुना देताना बाहेरची जागा साध्या पाण्याने धुवा, पहिली थोडी लघवी जाऊ द्या आणि मधली धार डबीत धरा. डबी लॅबनेच दिलेली हवी, घरची औषधाची बाटली चालत नाही. दोन तासांच्या आत पोचवा. आजूबाजूच्या गावावरून दोंडाईच्याला एसटीने येईपर्यंत उन्हात डबी तापते, त्यापेक्षा लॅबमध्ये येऊनच नमुना दिलेला बरा. आणि त्या सकाळी मुद्दाम तांब्याभर पाणी पिऊन जाऊ नका. लघवी पातळ होते आणि थोडे जंतू असले तर दिसत नाहीत.

आकड्याची एक गोष्टही सांगते. जुन्या नियमाप्रमाणे एका मिलिलिटरला १ लाख जंतू असतील तरच संसर्ग धरतात. पण आग होत असलेल्या बाईत त्याहून बरेच कमी जंतू असले तरी तेच कारण असू शकतं, हे आता डॉक्टर मानतात. त्यामुळे रिपोर्टवर थोडी वाढ लिहून आली असेल तर तो कागद "नॉर्मल" म्हणून घडी करून ठेवू नका, डॉक्टरांसमोर उघडा.

पस सेल आहेत, पण उगवलं काही नाही

इथे दोन वाटा होतात, म्हणून रिपोर्टवरचा पस सेलचा आकडा बघायला शिका. चार-पाचपर्यंत बहुतेक लॅब ठीक धरतात.

पस सेल खूप आणि कल्चर मात्र कोरं, असं आलं तर आत काही तरी नक्की चाललं आहे, पण साध्या कल्चरला ते उगवता आलेलं नाही. आधी घेतलेल्या गोळ्या हे एक कारण झालं. मुतखडा हे दुसरं, त्यासाठी सोनोग्राफी होते.

तिसरं कारण क्षयरोग. टीबी म्हटलं की आपल्याला खोकलाच आठवतो, पण टीबी मूत्रपिंडालाही होतो आणि मूत्राशयालाही. महिनोन् महिने लघवीला आग, वारंवार जाणं, कधी लघवीत रक्त, पस सेल भरपूर, आणि साधं कल्चर कोरं. टीबीचा जंतू उगवायला आठवडे लागतात, दोन दिवसांत तो दिसतच नाही. त्यासाठी पहाटेच्या लघवीचे नमुने लागोपाठच्या तीन दिवसांचे घेतात आणि सीबीनॅटसारखी वेगळी तपासणी करतात. शिवाय लघवीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, नावाच्या शेवटी "फ्लॉक्सासिन" येतं त्या, टीबीच्या जंतूलाही थोडं दाबतात. त्यामुळे मधे बरं वाटतं आणि खरा आजार उशिरा सापडतो. त्याच त्या गोळ्या परत आणू नका असं मी कळकळीने सांगते त्याचं हे मोठं कारण. टीबीची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आणि उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून खात्यावर दरमहा पैसे येतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम ५०० वरून १,००० रुपये झाली आहे.

चौथं कारण सांगताना जरा थांबून वाचा. क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा, ट्रायकोमोनास अशी काही जंतूंची नावं आहेत. शरीरसंबंधातून ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात. यातला क्लॅमिडिया तर जिवंत पेशीच्या आतच वाढतो, साध्या कल्चरच्या खाद्यावर तो उगवणं शक्यच नाही. त्याची वेगळी तपासणी असते. त्यासाठी योनीतला स्राव कापसाच्या काडीवर घेतात, किंवा लघवीचा नमुना घेतात. आणि गंमत अशी की इथे मधली धार चालत नाही, पहिलीच धार धरावी लागते. म्हणजे नीट पाळलेल्या नियमाने दिलेला नमुनाही या जंतूसाठी चुकीचाच ठरतो!

ही तपासणी सगळीकडे होत नाही. म्हणून सरकारने दुसरी सोय केली आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत "सुरक्षा क्लिनिक" असतं. तिथे लक्षणं ऐकून आणि तपासून, जंतूच्या रिपोर्टची वाट न बघता, ठरलेल्या रंगांच्या पाकिटांतून औषध देतात. समुपदेशक असतात, आणि तिथलं बोलणं गुप्त ठेवलं जातं. आपल्याला जवळचं म्हणजे धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. जायच्या आधी आशाताईला विचारा, कोणत्या दिवशी कोणती ओपीडी असते ते त्यांना माहीत असतं किंवा त्या विचारून सांगतात.

असा जंतू निघाला तर औषध नवरा-बायको दोघांनाही घ्यावं लागतं, आणि औषध झाल्यावर ७ दिवस संबंध टाळायचा. एकट्या बाईने घेतलं तर तो परत तिच्याकडे येणार. नवऱ्याला काही त्रास नसला तरी जंतू असू शकतो. आता घरात जे भांडण पेटतं त्याबद्दल. हे जंतू काहीही लक्षण न दाखवता खूप महिने अंगात राहू शकतात. त्यामुळे आज सापडला म्हणजे काल आला, असं होत नाही, आणि कुणाकडून कुणाला हे कोणतीच तपासणी सांगत नाही. रिपोर्ट हातात धरून बायकोवर बोट ठेवणाऱ्याला त्या कागदाचा आधार मिळत नाही. हे समुपदेशकाकडून नवऱ्यासमोर सांगून घ्या, आपण सांगितलं तर ऐकतीलच असं नाही.

अंगावरून पांढरं जाणं, खाज, वास हे सोबत असेल तर आग कधी कधी लघवीच्या मार्गाची नसतेच. योनीच्या तोंडाशी सूज असते आणि लघवी तिच्यावरून गेली की झोंबते. आत जळतं की बाहेर, एवढं लक्ष देऊन पाहिलंत तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. बाहेर जळत असेल तर लघवी कितीही तपासा, त्यात काही सापडणार नाही. अँटिबायोटिक फार झाल्यानेही बुरशी वाढते आणि हीच आग होते. मधुमेह असेल तर जास्तच, म्हणून साखर तपासून घ्याच.

पस सेलही नाहीत, काहीच नाही

ही दुसरी वाट. इथे बाईला सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागतं.

वय पंचेचाळीस-पन्नाशीच्या पुढे असेल, पाळी थांबली असेल, तर आधी एक साधं कारण बघायचं. पाळी गेल्यावर अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि योनी व लघवीच्या मार्गाची आतली त्वचा पातळ, कोरडी होते. मग आग, घाई, वारंवार जाणं. ज्यांची पिशवी काढली आणि सोबत अंडाशयही काढले, त्यांना हे तिशी-चाळिशीतच सुरू होतं. पिशवी काढताना अंडाशय ठेवले की काढले हे आपल्याकडे किती जणींना माहीत असतं? जुना डिस्चार्ज कागद शोधा, त्यावर लिहिलेलं असतं. यावर तिथे लावायचं मलम असतं, डॉक्टर तपासून देतात. बरेच महिने गोळ्या खाऊन जे जात नाही ते या मलमाने काही आठवड्यांत कमी होऊ शकतं.

मग आपल्या कामाचं. दोंडाईच्याचा मिरचीचा बाजार सगळ्यांना माहीत आहे. मिरची तोडायला, वाळवायला, देठ खुडायला आपल्याच ताया असतात. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही. नुसत्या पाण्याने हात धुऊन लघवीला गेलं की तो तिखटपणा तिथे पोचतो. हाताला आधी थोडं तेल चोळायचं, मग साबणाने धुवायचं, आणि हे लघवीला जायच्या *आधी* करायचं. आपण नंतर धुतो, मिरचीच्या कामात उलटं करावं लागतं. काम करतानाचा लुगड्याचा पदर किंवा ओढणी तिथे पुसायला वापरू नका.

शेतात आडोसा नाही म्हणून दिवसभर लघवी दाबणं आणि जावं लागू नये म्हणून पाणीच न पिणं, हे कापूस वेचणीत मी रोज बघते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा लघवी इतकी दाट होते की नुसत्या दाटपणानेच झोंबते. "उन्हाळी" हा शब्द उगीच नाही आला. धने-जिऱ्याचं पाणी, ताक चांगलंच, मुख्य म्हणजे पाणी पोटात जातं. पण तिथे तुरटीचं पाणी, डेटॉल, वासाचा साबण लावू नका. जळजळ थांबावी म्हणून लावलेल्या याच गोष्टी जळजळ चालू ठेवतात. साधं पाणी पुरे.

तिसरं कारण स्नायूंचं. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची झोळी असते, मूत्राशय तिच्यावर टेकलेलं असतं. वर्षानुवर्षं लघवी दाबून, किंवा एकदा झालेल्या संसर्गाच्या धास्तीने, हे स्नायू सतत आवळलेले राहतात. मग धार अडकत येते, शेवटी जळतं, संबंधाच्या वेळी दुखतं. रिपोर्टमध्ये हे कुठून दिसणार? याला फिजिओथेरपीचे व्यायाम आहेत, आणि ते सैल सोडायचे आहेत. मोबाइलवर बघून आवळायचे व्यायाम सुरू करू नका, अशा वेळी त्याने त्रास वाढतो.

आणि एक आजार असा की मूत्राशय भरत आलं की ओटीपोटात दुखतं, रिकामं झालं की जरा बरं वाटतं, दिवसा-रात्री सारखं उठावं लागतं, आणि सगळे रिपोर्ट स्वच्छ. असं दीड महिन्याहून जास्त चाललं आणि बाकी कारणं तपासून झाली, तर डॉक्टर याला मूत्राशयाच्या दुखण्याचा आजार म्हणतात. हा खरा आजार आहे, पुस्तकात शंभर वर्षांपूर्वीपासून लिहिलेला आहे. अँटिबायोटिकने जात नाही, पण दुसऱ्या औषधांनी आणि खाण्यापिण्यातल्या बदलाने आटोक्यात राहतो. चहा, तिखट, आंबट यांनी काहींना वाढतो, सगळ्यांना नाही. दोन आठवडे ते बंद करून बघायचं आणि मग एकेक परत सुरू करायचं. खान्देशात शेवभाजी आणि काळा मसाला बंद करा असं सांगणं म्हणजे काय, मला माहीत आहे. पण दोन आठवडेच.

तपासू द्या

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली ती 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. ९२ टक्के बायकांना जननमार्गाचा किंवा त्या भागाचा कोणता ना कोणता आजार निघाला. दर बाईमागे सरासरी ३.६ आजार. आणि याआधी अशी अंगाची तपासणी फक्त ८ टक्के बायकांची झाली होती. म्हणजे आजार घराघरात होता, तो कुणी बघितलाच नव्हता. माझ्या मते आजही आपल्या भागातला मोठा प्रश्न हाच आहे. लघवीची डबी आपण देऊ, पण टेबलावर झोपून तपासू देणार नाही, आणि समोरचे डॉक्टरही घाईत विचारत नाहीत. वर सांगितलेली निम्मी कारणं डबीत दिसत नाहीत, तपासल्यावरच दिसतात. बाई डॉक्टर आहेत का विचारा, सोबत मैत्रीण किंवा आशाताई न्या. "मला तपासून सांगा" असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

खर्चाचं सांगते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, दोंडाईच्याचं उपजिल्हा रुग्णालय यात येतात. म्हणून व्याजाने पैसे काढून खाजगीत जाण्याआधी इथे एकदा जाऊन या. गटातून कर्ज घ्यावंच लागलं, तर कारण "दवाखाना" एवढं पुरे, कोणता आजार हे बैठकीत कुणी विचारू नये. अध्यक्ष-सचिव ताईंनी हे सांभाळायचं.

थंडी वाजून ताप, पाठीत-कुशीत दुखणं, उलट्या, लघवीत रक्त किंवा लघवी अडकणं, यातलं काही असेल तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. गरोदर ताईने तर आग नसली तरी लघवी तपासून घ्यायची आणि जंतू निघाले तर उपचार पूर्ण करायचा.

बाकीच्यांनी जाण्याआधी तीन दिवस एका कागदावर लिहून ठेवा: किती वाजता लघवीला गेले, आग सुरुवातीला की शेवटी, आत की बाहेर, त्या दिवशी काय काम केलं, किती पाणी प्यायलं, पाळीचा कितवा दिवस, संबंध आला होता का. लिहिता येत नसेल तर मुलीकडून नाही, गटातल्या विश्वासातल्या ताईकडून लिहून घ्या. सोबत जुने सगळे रिपोर्ट आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत. पाकिटं फेकू नका, नाव आठवत नाही तेव्हा तीच कामाला येतात.